361 व्या युनिटला गरिबी संपते का?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही एक रविवार वीजबिलं तपासण्यासाठी ठेवला होता. सकाळी दहाला सतरंजी टाकली आणि अकरापर्यंत पिशव्यांतून, रेशनकार्डाच्या घड्यांतून बिलं बाहेर येऊ लागली. धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी दोन बिलं समोर ठेवली. एक दोन वर्षांपूर्वीचं, एक चालू महिन्याचं. जुन्या बिलावर दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाचा दर होता, नव्यावर सर्वसाधारण घरगुती दर. घर तेच, पत्रा तोच, काम तेच. मधल्या काळात मुलगी दहावीला आली म्हणून त्यांनी तिच्यासाठी एक टेबलफॅन घेतला होता. त्यांनी आम्हाला विचारलं, "दादा, फॅन घेतला म्हणजे आम्ही श्रीमंत झालो का?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे हाती लागलं ते उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आपल्या तरुणांसमोर मांडणं आम्हाला गरजेचं वाटतं.

आधी नियम समजून घेऊ. महावितरणच्या दरपत्रकात घरगुती ग्राहकांत सर्वांत वर एक स्वतंत्र वर्ग आहे : दारिद्र्यरेषेखालील ग्राहक. त्याचा दर सर्वांत कमी. या वर्गात राहायचं तर मंजूर भार पाव किलोवॉटपर्यंत हवा आणि मागच्या आर्थिक वर्षातला एकूण वापर 360 युनिटांच्या आत हवा. म्हणजे दिवसाला साधारण एक युनिट. वर्षअखेरीस फेरतपासणी होते. वापर 360 च्या पुढे गेला की ग्राहक सर्वसाधारण वर्गात जातो. वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत याला जोडून आणखी एक वाक्य येत राहिलं आहे : असा ग्राहक पुढे वापर कितीही कमी झाला तरी दारिद्र्यरेषेच्या वर्गात परत येऊ शकत नाही. गरिबीतून बाहेर पडण्याचा हा जगातला सर्वांत सोपा मार्ग असावा. 361 वं युनिट जाळा, कायमचे वर या!

आता एक युनिट म्हणजे काय ते हिशेबानं बघू. साधा छताचा पंखा 75 वॉटचा. तो दिवसाला 12 तास चालला तर महिन्याला 27 युनिट. नऊ वॉटचे दोन एलईडी दिवे सहा-सहा तास लागले तर सव्वातीन युनिट. झाले 30. टीव्ही अजून लावलेला नाही, मिक्सर फिरलेला नाही, मोबाइल चार्ज झालेला नाही आणि फ्रिजचं तर नावही काढायचं नाही. हिवाळ्यात पंखा कमी फिरतो आणि हिशेब वर्षाचा असतो, हे मान्य. पण टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यात पंखा 12 तासांवर थांबत नाही. तो चोवीस तास चालला तर एकट्या पंख्याचेच 54 युनिट होतात. पत्रा तापतो म्हणून पंखा जास्त चालतो आणि पंखा जास्त चालतो म्हणून सवलत जाते. ज्याचं घर जास्त गरीब त्याचा वापर उन्हाळ्यात जास्त, हे साधं सत्य या नियमाला माहीतच नाही.

ही झाली युनिटांची मर्यादा. उत्पन्नाच्या मर्यादांची कथा याहून अजब आहे.

महाराष्ट्रात तीन रंगांची रेशनकार्डं आली 1 मे 1999 पासून. केशरी कार्डासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 15 हजारांच्या वर आणि एक लाखापर्यंत, त्यापुढे शुभ्र कार्ड. पाव शतक उलटून गेलं, ही एक लाखाची रेषा तिथेच आहे. पुढे 2013 मध्ये अन्नसुरक्षा कायदा आला तेव्हा राज्यानं शहरी प्राधान्य कुटुंबासाठी 59 हजारांची मर्यादा घातली. 59 हजार म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत, दिवसाला सुमारे 162 रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराला 350 रुपये रोज मिळाला आणि महिन्याचे 26 दिवस भरले, तर वर्षाला एक लाख नऊ हजार दोनशे होतात. म्हणजे 350 रुपये रोजावर राबणारा माणूस सरकारच्या हिशेबानं एक लाखाची रेषा ओलांडून बसला. त्याची बायको चार घरी कामाला जात असेल तर ते कुटुंब मर्यादेपासून फारच लांब गेलं. दोघांनी राबायचं ठरवलं, हाच त्यांचा गुन्हा.

आता याच राज्यात, याच देशात इतर रेषा कुठे आहेत ते बघा. आपल्या मुलांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाख. लाडकी बहीण योजनेला अडीच लाख. आणि 2019 मध्ये 103 वी घटनादुरुस्ती करून जे आर्थिक दुर्बलांचं आरक्षण आणलं त्याला आठ लाख! त्यात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी बसत नाहीत. म्हणजे वरच्या जातीतला माणूस वर्षाला आठ लाखांच्या आत कमावत असेल तर तो गरीब, आणि आपली ताई 60 हजार कमावते म्हणून प्राधान्य यादीच्या बाहेर. गॅसच्या अनुदानाचं पाहा. 2016 च्या जानेवारीपासून दहा लाखांच्या वर करपात्र उत्पन्न असणाऱ्यांचं अनुदान बंद केलं. त्याआधी ते सगळ्यांनाच मिळत होतं आणि त्यानंतरही दहा लाखांपर्यंतच्यांना मिळत राहिलं. मर्यादा कुणासाठी ठरवायची आहे हे आधी ठरतं आणि आकडा त्यानंतर येतो. आकड्याला जात नसते असं म्हणणाऱ्यांनी या रेषा एकाखाली एक लिहून पाहाव्यात.

गॅसची गोष्ट इथेच संपत नाही. 2020 च्या मध्यापासून सर्वसाधारण ग्राहकाचं अनुदान जवळजवळ बंद झालं आणि ते उज्ज्वला योजनेपुरतं उरलं. उज्ज्वलाच्या लाभार्थींना 2022 मध्ये सिलिंडरमागे 200 रुपये, 2023 मध्ये 300 रुपये. उज्ज्वलाची पहिली अट अशी की घरात आधी गॅस जोडणी नसावी. उल्हासनगर-अंबरनाथच्या आपल्या वस्त्यांत कितीतरी बायकांनी 2016 च्या आधीच बचत गटातून पैसे उचलून, दागिना गहाण टाकून गॅस घेतला. चुलीचा धूर लेकरांच्या डोळ्यांत नको म्हणून घेतला. त्या आज केंद्राच्या या अनुदानाच्या बाहेर आहेत, कारण सरकारच्या आधी त्या स्वतःच शहाण्या झाल्या. राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेनं 2024 मध्ये वर्षाला तीन सिलिंडर मोफत देऊन लाडकी बहीण योजनेतल्या महिलांनाही आत घेतलं, हे खरं आहे आणि ते चांगलंच झालं. पण तिथेही जोडणी बाईच्या नावावर हवी आणि एका रेशनकार्डावर एकच लाभ. जोडणी मेलेल्या सासऱ्याच्या नावावर असेल तर? भाड्यानं राहणाऱ्या जोडप्याकडे गॅसचं पुस्तकच नसेल तर? ती माणसं पाच किलोचा छोटा सिलिंडर बाजारभावानं घेतात. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांना अनुदानही नाही. सर्वांत महाग इंधन सर्वांत गरीब माणूस जाळतो.

बरं, ऊर्जेवरची सगळीच सवलत उत्पन्न बघून मिळते का? नाही. पंतप्रधान सूर्यघर योजना 2024 मध्ये आली. तीन किलोवॉटच्या सौर संचाला 78 हजार रुपयांचं अनुदान. उत्पन्नाची मर्यादा? नाही. बंगला असू द्या, मोटार असू द्या, अनुदान मिळतं. अट एकच : घराला स्वतःचं छप्पर हवं. राज्यानं 2025 मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला 100 युनिटांच्या आत वापर असलेल्या ग्राहकांसाठी जादा अनुदानाची स्मार्ट योजना आणली आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी थोडा अधिक हिस्सा ठेवला. पाऊल योग्य दिशेनं आहे. पण चाळीतल्या, टेकडीवरच्या, पत्र्याखालच्या माणसानं पॅनल कुठे ठेवायचं?

शेतीपंपांचं तसंच. जुलै 2024 मध्ये राज्यानं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याचा निर्णय घेतला. सुमारे 44 लाख शेतकरी त्यात आले. उत्पन्नाचा दाखला मागितला नाही, पंपाची अश्वशक्ती बघितली. आमचा शेतकऱ्याला विरोध नाही, कोरडवाहू शेतकरी आपलाच माणूस आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला सवलत देताना सरकार पंप बघतं. ज्याच्याकडे छप्पर आहे त्याला देताना छप्पर बघतं. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्यालाच तेवढं विचारलं जातं : तुझं उत्पन्न किती, दाखला आण. पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारलेला समाज कोणता आणि गावकुसाबाहेरून शहराच्या टेकडीवर आलेला समाज कोणता, हे आम्ही इथे सांगायला नको.

आणि तो दाखला मिळतो कसा? एक दिवसाचा रोज बुडवून रांगेत उभं राहायचं. हातावर पोट असलेल्या माणसाकडे पगारपत्रक नसतं. जीन्सचे धागे कापून नगावर पैसे घेणाऱ्या बाईचं वार्षिक उत्पन्न कोण लिहून देणार? मग बाहेर बसलेला दलाल सांगतो, "किती लिहायचं ते सांगा." खरं सांगणारा मर्यादेच्या बाहेर जातो, खोटं सांगणारा आत येतो. आणि उद्या तपासणीची टूम निघाली की खोटं बोलला म्हणून गरीबच गुन्हेगार. माणसाला खोटं बोलायला लावणारा नियम करायचा आणि वर त्यालाच अप्रामाणिक म्हणायचं, हा खेळ आपण फार जुन्या काळापासून बघत आलो आहोत.

आता आपल्या तिन्ही शहरांतला सर्वांत मोठा अन्याय. तो कुठल्याच शासननिर्णयात दिसत नाही. तो मीटरच्या मागे आहे.

सरकार मीटर मोजतं, कुटुंब मोजत नाही. आपल्या वस्त्यांत एका मीटरवर तीन-तीन खोल्या चालतात. समजा प्रत्येक खोलीचा वापर महिन्याला 70 युनिट. वेगवेगळे मीटर असते तर तिन्ही घरं 100 युनिटांपर्यंतच्या स्वस्त टप्प्यात राहिली असती. एकाच मीटरवर ते 210 होतात, आणि वरचे 110 युनिट 101 ते 300 च्या टप्प्यात जातात. तिथला दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट आहे. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. घरमालक आपला नफा धरून सबमीटरवर भाडेकरूकडून एकच सरसकट दर घेतो. म्हणजे 70 युनिट वापरणारी बाई 300 युनिटवाल्याचा दर भरते. दुसरीकडे बदलापुरात गुंतवणूक म्हणून घेतलेले आणि कुलूप लावून ठेवलेले फ्लॅट आहेत. त्यांचा वापर महिन्याला दहा युनिट. ते बिनदिक्कत स्वस्त टप्प्यात!

म्हणून आम्ही असं म्हणत नाही की उत्पन्न सोडा आणि नुसते युनिट मोजा. नुसते युनिट मोजले तर बंद फ्लॅट गरीब ठरतो आणि आठ माणसांची खोली श्रीमंत ठरते. त्या घरात किती माणसं राहतात हे मोजा, एवढंच आमचं म्हणणं आहे.

भाडेकरूला स्वतःचा मीटर का मिळत नाही? विद्युत कायदा 2003 चं कलम 43 सांगतं की जागेच्या मालकानं किंवा तिथे राहणाऱ्यानं मागणी केली तर वीज द्यायची. "राहणाऱ्यानं" हा शब्द कायद्यात आहे. पण मालकाच्या संमतीपत्राशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, हा आमचा अनुभव. बाबासाहेबांच्या नावानं महावितरणनं 14 एप्रिल 2021 ला जीवन प्रकाश योजना सुरू केली. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराला 500 रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत. चांगली योजना. पण त्या जागेवर आधीची थकबाकी नसावी आणि सक्षम अधिकाऱ्याचा जातीचा दाखला हवा. जातीच्या दाखल्याला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा. मराठवाड्यातून, विदर्भातून पोटासाठी उल्हासनगरला आलेल्या माणसानं आजोबाचा कागद कुठून आणायचा? आणि आधीच्या भाडेकरूची थकबाकी त्यानं का भरायची?

इथे काही जण म्हणतील, ही रेवडी आहे, फुकटेपणा आहे. आपल्यातलेही काही शिकलेले तरुण म्हणतात, "आपल्याला फुकट नको, स्वाभिमान हवा." त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण स्वाभिमानाचा अर्थ अंधारात बसणं असा नाही. दिल्लीत 2019 पासून 200 युनिटांपर्यंत बिल शून्य आहे, उत्पन्न विचारत नाहीत. तामिळनाडूत 2016 पासून घरगुती ग्राहकाला 100 युनिट मोफत आहेत. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती आहे आणि त्यात भाडेकरूही येतो. आपल्याकडे 2020 मध्ये 100 युनिट मोफत देण्याची चर्चा झाली, समितीही नेमली गेली, पुढे काही झालं नाही. शेजारच्या राज्यात जो हक्क आहे तो आपल्याकडे आला की फुकटेपणा कसा होतो?

परदेशाकडे बघा. ब्रिटनच्या सरकारनं 2024 मध्ये वृद्धांना हिवाळ्यात इंधनासाठी मिळणारी रक्कम फक्त अतिगरिबांपुरती केली. सुमारे एक कोटी वृद्ध एका फटक्यात बाहेर पडले. लोक इतके चिडले की 2025 मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली आणि मर्यादा वर्षाला 35 हजार पौंडांवर नेऊन ठेवावी लागली. अमेरिकेत गरिबांना वीज-इंधन बिलासाठी मदत देणारा कायदा आहे. त्यात राज्यांना उत्पन्नाची मर्यादा ठरवता येते, पण ती दारिद्र्यरेषेच्या 110 टक्क्यांच्या खाली नेता येत नाही. ती दारिद्र्यरेषा दरवर्षी महागाईनुसार वाढते. म्हणजे गरिबाला बाहेर काढण्यालाही तिथे कायद्यानं एक सीमा घातली आहे. आपल्याकडे 1999 ची रेषा घेऊन माणसं मोजली जातात.

आपल्या तरुणांना बाबासाहेब संविधानकार म्हणून माहीत आहेत. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना वीज हाही त्यांचा विषय होता, हे किती जणांना माहीत आहे? 1943 च्या ऑक्टोबरमध्ये विजेच्या धोरणविषयक समितीसमोर बोलताना त्यांनी विजेचा संबंध थेट भारताच्या दारिद्र्याशी जोडला. गरिबी हटवायची तर उद्योग हवेत, उद्योगांसाठी वीज हवी, आणि ती मुबलक व स्वस्त हवी, अशी त्यांची मांडणी होती. वीज खासगी नफ्याच्या हाती की शासनाच्या, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच टेबलावर ठेवला. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं ते त्यांच्याच कारकिर्दीत. त्या माणसाच्या लेकरांनी 80 वर्षांनंतर पंख्याच्या एका युनिटासाठी गरिबी सिद्ध करत फिरावं?

म्हणून आमच्या मागण्या अशा :

1) दारिद्र्यरेषेच्या वर्गासाठी वर्षाची 360 युनिटांची मर्यादा 1200 वर न्या. एकदा बाहेर गेलेला ग्राहक परत येऊ शकत नाही ही अट काढून टाका.

2) मीटरमागे किती कुटुंबं राहतात हे रेशनकार्डावरून मोजा आणि टप्प्याचा लाभ त्या हिशेबानं द्या. बंद घरांना सवलतीचा टप्पा नको.

3) भाडेकरूला राहत असल्याच्या पुराव्यावर मीटर द्या. आधीच्या रहिवाशाची थकबाकी नव्या माणसाच्या माथी मारू नका.

4) 59 हजार आणि एक लाख या मर्यादा आजच्या महागाईनुसार बदला आणि पुढे दरवर्षी आपोआप वाढतील अशी सोय करा.

5) ज्या कुटुंबाची शिष्यवृत्ती, रेशन किंवा उज्ज्वला मंजूर आहे त्याच्याकडे नवा दाखला मागू नका. सरकारकडे माहिती आधीच आहे.

6) मर्यादा ओलांडली की सगळी सवलत एकदम काढू नका. ती टप्प्याटप्प्यानं कमी करा. ओव्हरटाइम केला म्हणून कुणाचं बिल दुप्पट होऊ नये.

पैसा कुठून येणार, असं विचारलं जाईल. विद्युत कायद्याचं कलम 65 त्यासाठीच आहे. सरकारनं सवलत जाहीर करावी आणि तिची रक्कम वीज कंपनीला आगाऊ भरावी. शेतीपंपांसाठी सरकारनं तिजोरी उघडली तशी वस्त्यांसाठीही उघडता येते.

मित्रांनो, मागण्या लिहून आमचं काम संपत नाही. आपल्या चळवळीचीही चूक इथे मान्य केली पाहिजे. आपण जयंतीच्या रोषणाईवर जेवढी चर्चा करतो तेवढी वस्तीच्या बिलावर करत नाही. आयोग दरवाढीवर जनसुनावणी घेतो तेव्हा उद्योगांचे वकील फायली घेऊन हजर असतात आणि आपल्या खुर्च्या रिकाम्या असतात. हरकत मराठीतही देता येते, त्यासाठी वकील लागत नाही.

म्हणून प्रत्येक विहारात महिन्यातून एक दिवस बिलवाचनाचा ठेवा. बिलावर "दर संकेत" आणि "मंजूर भार" हे दोन रकाने असतात, ते आधी बघा. मागच्या 12 महिन्यांचा वापर बेरीज करा. वर्ग चुकला असेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. उत्तर आलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. थकबाकीसाठी वीज तोडायची तर 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे कलम 56 प्रत्येक ताईला पाठ असलं पाहिजे. एका मीटरवर किती घरं आहेत याची वस्तीवार यादी करा. सुभाष टेकडी, बुवापाडा, सोनिवली, जिथे आपली माणसं आहेत तिथली यादी आपल्या हातात असली की पुढच्या सुनावणीत बोलायला आपल्याकडे भावनेसोबत आकडेही असतील.

त्या ताईंचा अर्ज आम्ही लिहून दिला. अजून उत्तर आलेलं नाही. त्यांची मुलगी दहावी पास झाली, आता अकरावीला आहे. टेबलफॅन चालूच आहे. बिल वाढलं तरी तो बंद करायचा नाही, असं त्या आम्हाला म्हणाल्या. त्यांनी फॅन बंद केला नाही, तर आपण हा प्रश्न सोडायचा कशाला?

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. आणि पुढच्या वेळी विहारात येताना बिल घेऊन या.

जय भीम! जय संविधान!